न ठोठावलेले दार

एखाद्याच्या दाराशी न जाताच ‘आत कोणी नव्हते’ असे तुम्ही कधी सांगितले आहे का? उत्तर मला देऊ नका. देवाला द्या, आणि मग हे ऐका.

आमची जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी उभी राहायची होती. राहणाऱ्यांची मते घ्यायला गृहनिर्माण कार्यालयातून दोन माणसे आली. एक पोक्त वयाच्या अधिकारी. त्यांना सगळे बाई म्हणत. दुसरे त्यांचे सहायक. त्यांना आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ‘धावते साहेब’ हे नाव ठेवले.

बाईंची एक रीत होती. उंबऱ्याबाहेरून प्रश्न विचारायचा नाही. दार ठोठावायचे, आतून ‘या’ येईपर्यंत थांबायचे, घरचे देतील तिथे बसायचे आणि मग विचारायचे, “नव्या घरात तुम्हाला काय हवं?” समोरचा आपणहून थांबेपर्यंत त्या मध्ये शब्द घालीत नसत.

नळदुरुस्तीवाल्याच्या घरी मी त्यांच्यासोबत होतो. तो म्हणाला, “स्वयंपाकघर मोठं हवं.”

“यांना काय विचारता, बाई?” त्याची बायको आतून कडाडली. “जन्मात कधी इकडे पाऊल टाकलं नाही. उद्या स्वयंपाकघर गच्चीवर बांधलंत तरी यांना पत्ता लागायचा नाही!”

बाई हसल्या. स्वतः खुर्ची उचलून ओट्यापाशी नेली आणि तिथे बसून तिला विचारले. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. प्रश्न कसा विचारावा हे त्या दिवशी पाहिले.

वरचा मजला साहेबांकडे होता. त्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांची भाची राहत. मावशींचे पाय गेलेले. लोखंडी खाटेवर उशीला टेकून त्या शिवत. आईबाप नसलेली भाची सकाळी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जाई, ती दिवेलागणीनंतर परते. म्हणून त्या दाराला दिवसा कधीच कडी नसे, ते नुसते लोटलेले असे. काही लागले की मावशी बोटातल्या शिवणाच्या टोपीने खाटेच्या दांडीवर टकटक करीत आणि जवळ असेल तो दार ढकलून आत जाई. इमारतीतल्या पोराटोरांनाही हे ठाऊक होते.

त्या दिवशी मात्र कोणी गेले नाही. वर साहेब आहेत, तेच बघतील, असे प्रत्येकजण धरून चालला.

संध्याकाळी तळमजल्याच्या बोळात सभा भरली. घरे कुलपात, किल्ल्या कमरेला, माणसे सगळी खाली. बाईंनी विचारले, “वरची सगळी दारं झाली?”

“झाली. टोकाची खोली रिकामी आहे.”

मी म्हणालो, “तिथे मावशी असतात.”

“मास्तर, मी स्वतः ठोठावलं. कडी लावलेली होती. किती वाट बघायची?”

कडी! बोळात कुजबुज उठली. रिकाम्या खोलीच्या बदल्यात नवे घर मिळणार नव्हते. त्या एका वाक्याने भाची रस्त्यावर येत होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. टक... टक...

आम्ही माना वर केल्या. पुन्हा टक... मग शेजारच्या दारावर. मग त्याच्या शेजारच्या. कुलूप घातलेल्या रिकाम्या घरांच्या दारांवर आतून कोणीतरी बोट वाजवीत जिन्याकडे येत होते. आवाज एक मजला उतरला. माझे स्वतःचे दार मी आवाजावरून ओळखले आणि तोंडातून देवाचे नाव आपोआप निघाले. शेवटची टकटक साहेब टेकून बसले होते त्या भिंतीतून आली. ते ताडकन उभे राहिले.

बाईंचा चेहरा शांत होता. “चला. तुम्ही ठोठावलेलं दार मला दाखवा.”

वर गेल्यावर साहेब अडगळीच्या खोलीपाशी थांबले; टोकाचे दार अजून पुढे होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग त्या चालत टोकाच्या दारापर्यंत गेल्या, ठोठावले आणि थांबल्या.

“या... उघडंच आहे.”

आत काळोख. यंत्राच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास. बाई चाचपडत खाटेच्या कडेला बसल्या. “मावशी, उशीर झाला. नव्या घरात तुम्हाला काय हवं?”

“मला काही नको, बाई...” आवाज मावशींचाच, पण फार लांबून आल्यासारखा. “पोरीच्या डोक्यावर छप्पर राहू दे. आणि खिडकीपाशी... यंत्रापुरती जागा.”

“मिळेल.”

“सकाळपासून वाजवत होते... कोणी आलं नाही...”

मागून नळदुरुस्तीवाल्याची बायको आली. तिने दिवा लावला आणि किंचाळली. मावशींची मान कलली होती. पाण्याचा पेला हाताच्या अंतराबाहेर आडवा पडला होता. डॉक्टर आले. ते म्हणाले, त्या दुपारीच गेल्या.

वरिष्ठांनी बाईंना पुष्कळ सुनावले. मेलेल्या माणसाचे मत कसे धरायचे? बाईंचे उत्तर एकच होते. “मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी ऐकलं.” नोकरी पणाला लावून त्या याच वाक्यावर उभ्या राहिल्या. आज भाचीच्या खिडकीपाशी मावशींचे यंत्र आहे. अशी माणसे देव क्वचित पाठवतो. मी रोज प्रार्थनेत त्यांचे नाव घेतो.

साहेबांचे ऐका. त्या दिवसापासून त्यांनी ठोठावलेल्या दाराचा आवाज आत जाईना. घंटा दाबली तर ती वाजेना. हाक मारली तर ती दाराच्या लाकडातच विरे. नवी इमारत झाल्यावर एका पहाटे मी सहज दार उघडले, तर ते समोर उभे होते. बोटांची सालपटे निघालेली.

“मास्तर... कधीचा ठोठावतोय...”

मला काहीच ऐकू आले नव्हते.

पुढच्या थंडीत ते स्वतःच्याच उंबऱ्यावर गारठून मेलेले सापडले. मूठ दाराला टेकलेली. त्यांची पत्नी दाराच्या आत, पाटावर बसून, ते ठोठावतील म्हणून रात्रभर जागी होती.