कोऱ्या पाण्यातलं जस्त

जिन्याच्या वळणावर आम्ही एकमेकांवर आदळणारच होतो… थोडक्यात वाचलो. त्याने हातातला डबा छातीशी घट्ट धरला.

"जपून हं! यात अख्ख्या शहराचा गाळ आहे."

"अगदी अख्ख्या?"

"प्रक्रिया करून, उन्हात वाळवून. हवं तर वास घेऊन बघा."

"नको, तुमच्या शब्दावर विश्वास आहे," मी म्हटलं आणि उगाचच हसले.

सांडपाणी केंद्रात गाळ वाळवण्याचं काम तो बघायचा. तो गाळ खत म्हणून रोपवाटिकांना जायचा, आणि त्यातले जड धातू पाण्यात किती सुटतात हे मी लॅबमध्ये तपासायचे. धातू गाळाला चिकटून बसला तर फारशी चिंता नसते; सुटला की मुळांत शिरतो. दर मंगळवारी तो डबा घेऊन यायचा, आणि आकड्यांपेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. माझं चित्त थाऱ्यावर नसायचं, लपवू कशाला!

मग पाण्यात उतरणारं जस्त वाढायला लागलं. एका मंगळवारी ते मर्यादेच्या वर गेलं. असंच राहिलं तर खत बंद, वाळवणीचं आवार बंद, आणि त्याची बदली पार दुसऱ्या गावच्या पंपघरावर.

मी चाचरतच त्याला सांगितलं. वाटलं, आता म्हणेल – बघा ना, काही करता येतं का…

"आकडा खरा असेल तर खत जायला नको," तो म्हणाला. "रोपं बिचारी कुणाकडे तक्रार करणार?"

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. तोवर नुसती घसरत होते.

पुढच्या मंगळवारी तो आल्यावर मी सगळं पुन्हा तपासलं. या वेळी गाळाच्या जोडीला नुसतं शुद्ध पाणीही चाचणीला लावलं. त्या कोऱ्या पाण्यातसुद्धा जस्त निघालं! म्हणजे गाळ निर्दोष होता. भांडी स्वच्छ, बाटल्या नव्या… मग जस्त आलं कुठून? मी पर्समधली क्रीमची ट्यूब काढली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला. क्रीममध्ये जस्त होतं. आणि तो समोर असला की माझा हात सारखा कपाळावरची बट मागे सारायला जायचा, हातमोज्यासकट, आणि तोच हात परत नमुन्यांना लागायचा.

बाटल्यांवर खापर फोडून सुटता आलं असतं. पण ज्याने खऱ्या आकड्यापायी बदलीचीही तयारी ठेवली, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. तोंड धुऊन, नवे हातमोजे घालून मी पुन्हा चाचणी केली. गाळ पास झाला. मग त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे जस्त तुमच्या चेहऱ्यावरचं?"

"हो…"

"रोज लावता क्रीम?"

"नाही." माझे कान तापले. "फक्त मंगळवारी. तुम्ही येता म्हणून. झालं समाधान?"

माझा जीव टांगणीला लागला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "नमुने पोचवायला आमच्याकडे गाडी आहे… ड्रायव्हरही आहे."

"मग तुम्ही कशाला येता?"

"दोन बस बदलून येतो," तो खाली बघत म्हणाला. "कशाला, ते आता तुम्हीच तपासा."

मी हातमोजे काढले आणि त्याचा हात हातात घेतला.