उद्याच्या बाई

हेमलताबाई सोनटक्के उद्याच्या सभेत काय बोलणार, हे वाळूखेडच्या एसटी स्टँडावर चहा पिणाऱ्यांना आजच ठाऊक असायचं. रोज दुपारी गावातल्या प्रत्येक फोनवर त्यांचं दुसऱ्या दिवशीचं भाषण येई, त्यांच्याच आवाजात, मधल्या खाकरण्यासकट. खाली बारीक अक्षरांत 'हा अंदाज आहे' असं लिहिलेलं असे, त्यामुळे सगळं नियमात बसत होतं. लोक त्याला 'उद्याच्या बाई' म्हणत.

नगराध्यक्षपदासाठी बाईंच्या विरोधात उभ्या असलेल्या समीर नलगे यांनी हे 'प्रतिमन' नावाचं यंत्र आणलं होतं. बाई चार वेळा नगरसेविका झालेल्या. नगरपालिकेच्या सभांमधलं त्यांचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं आणि कुणालाही मिळण्यासारखं होतं. ते ऐकून यंत्र नुसता आवाज शिकलं नाही, तर कोणत्या प्रश्नावर ही बाई कशी वळते, कुठे चिडते, कुठे गप्प बसते, हेही शिकलं. मग त्याला फक्त गावातली आजची परिस्थिती सांगायची, की उद्याच्या बाई बोलायला लागत.

त्यात ना शिवीगाळ होती, ना बदनामी. पण संध्याकाळी खऱ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या की शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखं होई. पुढच्या रांगेतल्या बायका त्यांची वाक्यं त्यांच्याआधीच पुरी करत आणि पदराआड हसत. बाईंना त्याचा राग येत नसे, नुसता थकवा येई.

प्रचार संपायला एक दिवस उरला होता. बाई घरी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. समोर त्यांचे धाकटे दीर रंगनाथ, प्रचाराची सगळी धुरा यांच्याच खांद्यावर.

"भाऊजी, तुम्ही त्या समीरचंही प्रतिमन करवून घेतलं होतं ना? त्याचं काय झालं?"

रंगनाथांनी मान हलवली. "काही जमलं नाही, वहिनी. तो मंडईत म्हणतो प्रसूतिगृहाच्या जागी दुकानं बांधू, आणि खालच्या आळीत म्हणतो प्रसूतिगृह मोठं करू. यंत्राला धागाच सापडेना."

"म्हणजे एका शब्दावर राहणाऱ्याचीच पंचाईत."

"म्हणून म्हणतो, उद्या समारोपाला भलतंच काहीतरी बोला. प्रसूतिगृहाचं नावच काढू नका. यंत्र तोंडावर आपटेल."

"मग मी उभी कशाला राहिले?"

नगरपालिकेचं प्रसूतिगृह पाडून ती मोक्याची जागा व्यापारी संकुलाला द्यायचा ठराव तयार होता. नवा नगराध्यक्ष सही करणार की फाडणार, एवढाच प्रश्न होता. सही झाली, तर गावातल्या गरीब बायकांना बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागणार होतं. बाई उभ्या होत्या त्या एवढ्याचसाठी.

तेवढ्यात फोन वाजला. उद्याच्या बाई आल्या होत्या. त्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "आयाबायांनो, मी दमले आहे. आता माझ्याच्यानं होत नाही. मला मत देऊ नका."

"ही शुद्ध बदमाशी आहे," रंगनाथ उठलेच. "रोज खरं सांगून विश्वास मिळवला आणि शेवटच्या दिवशी पाचर मारली. आत्ताच्या आत्ता तक्रार करतो."

बाईंनी पाय पुसले, चपला घातल्या. आज सकाळी केस विंचरताना हेच शब्द त्यांच्या मनात आले होते. उद्या सभेत सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. हे त्या कुणाजवळही बोलल्या नव्हत्या.

त्या तडक नलगे यांच्या कार्यालयात गेल्या. त्यांना पाहून समीर खुर्चीवरून उठला. त्याचे डोळे जागरणानं तांबारले होते.

"काकू, शपथेवर सांगतो, हे मी त्याच्या तोंडी घातलेलं नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी ते हेच बोललं."

"मग लोकांना कशाला ऐकवलंस?"

"समोरचा उमेदवार स्वतःच हार मानणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल?" तो जरा घुटमळला. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर काढून टाकतो."

"राहू दे. गावानं ऐकलंय आता."

परतताना दोघीतिघींनी बाईंना थांबवून कीव केल्यासारखं पाहिलं. एकीनं तर "घ्या आता विश्रांती" असंही म्हटलं. तेव्हा बाईंना राग आला, बऱ्याच दिवसांनी आणि चांगलाच.

दुसऱ्या दिवशी सभेला कधी नव्हे ती गर्दी होती. बाई काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते ऐकायलाच लोक आले होते.

"मी दमले आहे, हे खरं," बाई म्हणाल्या. "यंत्र खोटं बोललं नाही. पण कळा सोसून दमलेली बाईसुद्धा म्हणते, की आता माझ्याच्यानं होत नाही. म्हणून काय आपण तिला तशीच घरी पाठवतो? मला मत द्या. उरलेलं मी बघते."

पुढच्या रांगेतली एक बाई हसली, आणि तिच्यामागून सगळ्याच.

प्रचाराची वेळ संपायच्या बेतात समीरचा फोन आला. "काकू, पहिल्यांदाच चुकलं ते."

"चुकलं नाही रे. तू मला ऐकवलं नसतंस, तर मी अगदी तेच बोलले असते."

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर..."

"तर ठरावावर तुझी सही झाली असती." बाई मंचाच्या पायरीवर टेकल्या. गुडघे ठणकत होते. "आता बंद करणार ना तुझं ते यंत्र?"

"करावंच लागेल. प्रचार संपला की बंद, असा नियम आहे."

बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण निवडून आल्या, तर पुढची पाच वर्षं तो ठराव पुन्हा पुन्हा टेबलावर येणार होता, दर वेळी वेगळ्या नावानं. आणि अशाच एखाद्या सकाळी केस विंचरताना ते शब्द मनात येणार, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

"समीर," त्या हळूच म्हणाल्या, "मग त्या दिवशी मला आधी कोण सांगणार रे?"