पिठाची गोळी आणि जास्तीचं बोलणं

रुग्णालयाच्या जिन्यावरून ती तणतणत वर चालली होती, आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन तो खाली येत होता. वळणावर दोघं धडकले. खोकं आपटलं, त्यातल्या वह्या पायऱ्यांवर पसरल्या.

"बरं झालं!" ती म्हणाली. गोळ्या देणारा नेमका आत्ताच भेटावा!

अर्धशिशीच्या नव्या औषधाच्या चाचणीत ती सहा महिने होती. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कोणाला काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. आज पत्र आलं. तिला पीठ! वर, नोंदही बाद. कारण दिलेलं नाही. आणि डोकं दुखायचं तर खरंच थांबलं होतं! आता वहिनी म्हणणार, सगळी नाटकं होती. नुसत्या विचारानंच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"दर मंगळवारी गोड गोड विचारायचात... झोप लागली का, भाचीची परीक्षा कशी झाली. सगळ्यांनाच असं गुंडाळता?"

वह्या गोळा करायला वाकलेला तो ताडकन उठला. याला रागही येतो, हे तिला नवीनच होतं.

"सगळ्यांशी मी एकच छापील वाक्य बोलायचं असतं. 'गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर.' बस्स! एकाशी जास्त बोललं की त्याला बोलण्यानंच बरं वाटतं, चाचणी बिघडते. तुमच्याशी बोललो. मीच प्रमुखांना तसं लिहून दिलं. तुमची नोंद गेली, माझी बदली गोदामात. आता ओरडा हवं तेवढं!"

"मला न विचारता? गोळ्या मी गिळल्या होत्या!"

"चुकलंच माझं. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा ते एकच वाक्य... नसतं जमलं मला."

ती हळूच म्हणाली, "माझं डोकं खरंच दुखायचं."

"माहीत आहे. डोळे मिटून खिडकीचा गज धरून उभ्या राहायचात तुम्ही. ते नाटक कसं असेल?"

सहा महिन्यांत हे तिला कोणीच म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संतापच आला.

"आवडता तुम्ही मला!" ती जवळजवळ किंचाळलीच.

वरच्या कठड्यावरून एक नर्स वाकून बघू लागली.

"बघा, खुशाल बघा!" तिच्यावरही खेकसून तिनं भराभर वह्या खोक्यात कोंबल्या आणि खोक्याची एक बाजू उचलली. "आणि तुम्ही हसताय काय? धरा की दुसरी बाजू!"