पेटीतली रिकामी जागा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी कोणाच्या पाया पडणार नाही.

भुताची गोष्ट म्हटली की मध्यरात्र लागते, घुबड लागतं, दिवे जावे लागतात. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे आहे एक पत्र्याची शेड, भर दुपारची वेळ, आणि माझा स्वतःचा नवरा.

जे घडलं ते माझ्याच डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं. ऐकीव काहीही सांगणार नाही.

मी भूगर्भशास्त्राची. कोळशाची खाण सुरू होण्याआधी वर्षानुवर्षं जमिनीला नुसती भोकं पाडतात. त्यातून दगडाची आणि कोळशाची लांबलचक कांडी बाहेर येते. तिला कोअर म्हणतात. ही कोअर कप्प्याकप्प्यांच्या पेट्यांत ओळीने मांडायची, वाचायची आणि खाली काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. आमच्या शेडमध्ये अशा पेट्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या होत्या. धूळ इतकी की संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं निघायचं.

या कामात एक नियम आहे. नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी तोच शिकवतात.

कधी कधी कोअर हाती येत नाही. खाली दगड फुटलेला असतो, किंवा काहीच नसतं. मग पेटीत तेवढी जागा तशीच सोडायची. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे ठेवायचे.

रिकामी जागा कधीही भरायची नाही.

कारण ती रिकामी जागाच सांगते की खाली पोकळी आहे.

आमच्या प्रकल्पाचं शोधकाम संपत आलं होतं तेव्हा आईचं ऑपरेशन निघालं आणि मला रजा घ्यावी लागली. नेमकं शेवटचं भोक तेव्हा पाडायचं होतं. ते होतं शेडच्या मागेच. माझा नवरा प्रकल्पाचा प्रमुख. तो म्हणाला, तू निवांत जा, तुझी शेड मी सांभाळतो. मला भरून आलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मी आईच्या उशाशी बसून सगळ्यांना सांगत होते.

परत आले तेव्हा शेवटच्या भोकाच्या पेट्या छान मांडून ठेवलेल्या होत्या. कोळशाचा थर सलग, कुठेही खंड नाही. माझ्या गैरहजेरीत त्याने सगळं स्वतः वाचून, स्वतः सही करून पुढे पाठवलं होतं. मंजुरी आली. खाणीचं तोंड उघडलं. शोधकाम संपून खरं उत्पादन सुरू होणार म्हणून सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं.

माझा धाकटा भाऊही याच खाणीत लागला. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून त्याला आम्ही भोपळ्या म्हणायचो. आता सडसडीत झालाय, पण नाव काही सुटलं नाही. पुढचा बोगदा खणणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या होता. भावोजी म्हणजे त्याचा देव. त्यांनी पूर्वेला पश्चिम म्हटलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

खाण सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पहिली गोष्ट घडली.

दुपारी मी शेड उघडली. शेवटच्या भोकाची एक पेटी खाली काढलेली होती.

कोळशाच्या थराच्या बरोबर मध्ये...

जागा रिकामी होती.

तुकडे कुठे सांडले म्हणून मी शोधलं. जमिनीवर नव्हते. पेटीखाली नव्हते. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, वेगळ्याच भोकाच्या पेटीत ते सापडले. नीट मांडलेले. जणू ते तिथलेच.

नवऱ्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, उंदीर असतील. मी म्हटलं, उंदीर कोळसा उचलून ओळीने लावतात होय? तो म्हणाला, आईच्या आजारपणात तू दमली आहेस, जरा झोप घे. आणि स्वतः जाऊन तुकडे परत लावून आला.

दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा रिकामी.

कुलूप तसंच होतं. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे.

त्याच दुपारी मागून आवाज आला...

ठक. ठक.

शेडच्या मागे त्या शेवटच्या भोकाचा लोखंडी पाइप जमिनीतून गुडघाभर वर आलेला होता. वर झाकण. आवाज त्या पाइपातून येत होता.

मी घाबरले नाही. उलट मला हसू आलं.

लहानपणी भोपळ्याची आणि माझी खोली शेजारी शेजारी होती. त्याला अंधाराची भीती वाटायची. तो भिंतीवर दोनदा ठोकायचा, म्हणजे ‘ताई, जागी आहेस?’ मी एकदा ठोकायचे, म्हणजे ‘आहे, झोप आता.’ हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. खाणीत माणसं पहारीने छत आणि समोरचा कोळसा ठोकून बघतात. भरीव असेल तर एक आवाज, पोकळ असेल तर दुसरा. भोपळ्या पुढे ठोकत असणार आणि सवयीने दोनदा ठोकत असणार. जमिनीतून तो आवाज पाइपात चढत असेल, असं मी धरून चालले.

गंमत म्हणून मी उत्तर द्यायला दगड उचलला.

पण त्याआधीच...

ठक.

उत्तर माझं होतं. ते आतूनच आलं.

माझा हात तसाच वर राहिला. मग मी दगड हळूच खाली ठेवला आणि शेडमध्ये जाऊन उगाचच पेट्या पुसत बसले. बोगद्यात इतकी माणसं असतात, कोणीतरी ठोकलं असेल, असं स्वतःला समजावलं.

सुटीच्या दिवशी भोपळ्या आमच्याकडे जेवायला आला. भरपेट जेवला आणि सोफ्यावर घोरायला लागला. खाण बंद होती. खाली एकही माणूस नव्हता. माझा चष्मा शेडमध्ये राहिला होता म्हणून मी तो आणायला गेले.

पाइप गप्प होता. मला बरं वाटलं. चष्मा घेतला, कुलूप लावलं.

आणि मागून...

ठक.

एकच. कोणी विचारलेलं नसताना दिलेलं उत्तर.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. भोपळ्या अजून घोरत होता. त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भावोजींनाच जाऊन विचारणार, आणि भावोजी म्हणणार, ताईला जरा झोप हवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेले तर नवऱ्याने पुन्हा भरलेली ती जागा परत रिकामी, तुकडे परत त्या लांबच्या पेटीत. या वेळी मी नवऱ्याला बोलावलं नाही. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला.

कोअर मांडताना वर कुठे, खाली कुठे हे कळावं म्हणून मी प्रत्येक तुकड्यावर लाल खडूने बाण काढते. मी डावखुरी. माझा बाण नेहमी एका अंगाला झुकतो. त्यावरून माझी चेष्टाही होते.

या तुकड्यांवरचे बाण कोणीतरी पुसले होते. पण कोळशाच्या खाचांत लाल रंग उरला होता. एका अंगाला झुकलेला.

शेवटचं भोक पाडताना मी इथे नव्हतेच. मग त्यावर माझा बाण कुठून येणार?

तुकडे त्या लांबच्या भोकाचे होते. मी पूर्वी मांडलेले. कोणीतरी तिथून उचलून इथे भरले होते. आणि दुसरं कोणीतरी रोज ते काढून जिथले तिथे नेऊन ठेवत होतं.

दुसरं कोणीतरी कोण, ते मला आजही माहीत नाही. पहिलं कोणीतरी कोण, हे कळायला मात्र एक किल्ली पुरे होती.

मी तशीच त्याच्या ऑफिसात गेले. तो चहा घेत होता. मी तुकडा टेबलावर ठेवला. त्याने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बशी बाजूला सरकवली. चेहऱ्यावर लाज नव्हती. कंटाळा होता.

“भोक पाडताना रॉड एकदम खाली गेला होता,” तो म्हणाला. “असेल कुठली तरी जुनी पोकळी. नकाशावर काही नाही. ती दाखवली असती तर सगळं परत शोधकामावर गेलं असतं. आयुष्यभर भोकंच पाडत बसायचं का?”

जुनी पोकळी म्हणजे जुनी, विसरलेली खाण. आणि जुन्या खाणीत पाणी भरलेलं असतं. हे त्याला मी सांगायला नको होतं.

“भोपळ्या तिकडेच खणतोय,” मी म्हटलं.

“माहीत आहे. मीच लावलाय त्याला पुढे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तो शांतपणे म्हणाला, “माणसं कुरकुर करत होती. साहेबांचा सख्खा मेहुणा पुढे आहे म्हटल्यावर मुकाट जातात. आणि पुढे घट्ट कोळसा असेलही. तू उगाच...”

पुढचं मी ऐकलं नाही. या माणसाच्या ताटात मी इतकी वर्षं गरम वाढलं. आईला सांगत होते, नशीब लागतं. माझ्या पाठच्या भावाला याने पहारीच्या टोकासारखा पुढे धरला होता, आणि वर चहा पीत होता.

मी पळाले. साडीचा काठ चपलेत अडकला, चपला टाकल्या, पळाले. खाणीच्या तोंडाशी माणसांना म्हटलं, काम थांबवा, सगळ्यांना वर बोलवा. ते एकमेकांकडे बघायला लागले. शेडवाल्या बाईच्या सांगण्यावरून पाळी थांबत नाही. साहेबांचा फोन येऊ दे म्हणाले.

मी त्यांच्याशी भांडत होते, तेवढ्यात आतून दिवे हलताना दिसले.

पाळी सुटायला अजून बराच वेळ होता. तरीही माणसं वर येत होती. घाईघाईने, एकमेकांना ढकलत. सगळ्यात शेवटी भोपळ्या. तोंड काळं, डोळे पांढरे.

तो वर आला, आणि आमच्या पायाखालची जमीन हादरली. आतून वाऱ्याचा लोट आला. त्याला कुजकट वास होता. मग पाण्याचा आवाज... इतका मोठा आवाज मी पुन्हा कधी ऐकू नये.

एकही माणूस गेला नाही. सगळे बाहेर होते.

भोपळ्या माझ्या गळ्यात पडला.

“ताई, बरं झालं तू ठोकलंस.”

मी पदराने त्याचं तोंड पुसायला लागले.

“मी रोज दोनदा ठोकायचो. तू एकदा ठोकायचीस. मला वाटायचं, ताई वर पाइपजवळ बसली आहे, काही काळजी नाही. पण आज तू थांबेचनास. ठक ठक ठक ठक, नुसतं चालूच. मला कळलं, ताई बोलावते आहे. मी सगळ्यांना घेऊन निघालो.”

मी त्याला त्याच दिवशी सांगितलं. मी त्या पाइपवर आयुष्यात एकदाही ठोकलेलं नाही.

पाणी उपसल्यावर पलीकडे जुना बोगदा निघाला. कोणाचा, कधीचा, कुठेही नोंद नाही. लाकडी टेकू कुजलेले. हाडं वगैरे काही नव्हतं. फक्त एक गंजलेली पहार पडलेली होती, तिचं टोक झिजून बोथट झालेलं. आणि आमच्या बाजूच्या कोळशावर खाचाच खाचा होत्या. पलीकडून मारलेल्या.

तिथे खणणाऱ्यांनाही कोणीतरी आपल्याच माणसाने सांगितलं असेल का, की जा पुढे, घट्ट आहे? हा विचार मला सोडत नाही.

मी सगळं लिहून वर दिलं. नवऱ्याचं घर सोडलं. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, नैसर्गिक कारण. नवऱ्याला दुसऱ्या प्रकल्पावर पाठवलं. मोठ्या. बढती देऊन. मी अजून त्याच शेडमध्ये आहे. ती जागा रिकामी ठेवली आहे, दोन्ही टोकांना ठोकळे आहेत. ती पेटी आता कोणी हलवत नाही. दुपारचा तो एक ठोका मात्र चालू राहिला. मला त्याची सवय झाली, खोटं कशाला बोलू, आधार वाटायला लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मागच्या आठवड्यात भोपळ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग चाचरत म्हणाला, ताई, रागावू नकोस, मी नवीन कामावर लागलोय. पुढच्याच टोळीत.

कोणाकडे, ते मी विचारलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

“भावोजींकडे. त्यांनी स्वतः बोलावलं. माणूस वाईट नाहीये गं, ताई. चूक कोणाच्या हातून होत नाही?”

ज्याच्यासाठी मी घर सोडलं, तो मला हे सांगत होता. मी घाबरले आहे असं त्याला बहुतेक वाटलं. समजूत काढायला तो म्हणाला,

“काळजी करू नकोस. इथे एकदम शांत आहे. मी दोनदा ठोकतो... काहीच उत्तर येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडच्या मागे गेले. दगड उचलला. पाइपवर दोनदा ठोकलं. पहिल्यांदाच.

बराच वेळ कान लावून बसले.

आतून काही आलं नाही.

तेव्हापासून रोज ठोकते. तो एक ठोका पूर्ण बंद झाला आहे. जे कोणी होतं ते इथून निघून गेलं आहे. ते भोपळ्याकडेच गेलं असेल, वाटेत असेल, अजून पोचलं नसेल, असं मी स्वतःला सांगते.