उशिओच्या मांडवावरचं ऊन

"माझ्या वेलीचा खून झालाय," उशिओ म्हणाला, "आणि खुनी शेजारीण आहे. तुम्ही फक्त अहवालावर सही करा."

खासगी गुप्तहेर साबेलाने सही केली नाही. तिने अंगण पाहिलं. स्पेनमधल्या गालिसियाच्या किनाऱ्यावर परवापासून धुकं ठाण मांडून होतं. दगडी खांबांवरच्या द्राक्षमांडवाखाली आठ खोडं होती; त्यातलं एक परवा रात्री करवतीने कापलेलं. वर फांद्यांचा नुसता गुंता. तो भिंतीवरून शेजारच्या दोरिंदाच्या परसात शिरला होता.

"छाटणी कोण करतं?"

"मीच. दुसऱ्याची कात्री लागू देत नाही."

"भिंतीपलीकडची द्राक्षं?"

"आजोबांनी शब्द दिला होता, म्हणून तिची." उशिओचं तोंड कडू झालं. "आज आमची द्राक्षविक्री सोसायटी तिला हाकलणार. मग घाल म्हणावं द्राक्षं कोंबड्यांना!"

"कोंबड्या निदान अंडी देतात," भिंतीपलीकडून दोरिंदा म्हणाली.

"खोड तुम्ही कापलं?" साबेलाने विचारलं.

"मला कापायचंच असतं, तर खोडावर भागवलं असतं?"

"ही कबुली समजायची का?" साबेलाचा मदतनीस देल्मिरो याने विचारलं.

उशिओचा भाचा ब्रेइशो खांदे उडवून म्हणाला, "कुठलं खोड कुठे जातं, ते मामालाच ठाऊक. मला विचारू नका."

दुपारी सभासद मांडवाखाली जमले. अध्यक्षा कार्मिन्या मतदान पुकारणार, तोच साबेला म्हणाली, "ऊन पडेपर्यंत थांबा."

"इथे? मग नाताळचं जेवणही इथेच मागवा!" कार्मिन्या म्हणाली.

शिव्या देत सगळे थांबले. अखेर धुकं फाटलं. ऊन तापलं.

"आता वर बघा."

उशिओच्या अंगणावरची पानं ताठ होती. भिंतीपलीकडची मात्र सगळी ओल्या मोज्यांसारखी लोंबत होती.

"बाईंनी स्वतःचीच द्राक्षं मारली?" देल्मिरो हबकला.

"म्हणूनच ती नव्हे," साबेला म्हणाली. "धुक्यात कापलेली वेलही टवटवीत दिसते. आठांपैकी एकच खोड दोरिंदाच्या बाजूला जातं आणि नेमकं तेच कापलं गेलं. ह्या गुंत्यात ते ओळखणार कोण? छाटणारा. स्वतःचा एक घडही न गमावता आरोप करता आला. बैठक उरकेपर्यंत धुकं टिकेल, असं उशिओला वाटलं."

उशिओ आभाळाकडे असा बघत होता, जणू त्यानेच चुगली केली.

कार्मिन्याने आता दोषी कोण, यावर मतदान घेतलं. सगळे हात उशिओविरुद्ध वर गेले, सवयीने त्याचाही.

दोरिंदाने आभार मानले नाहीत. द्राक्षं सुकायच्या आत तोडायला हवी होती. तिने टोपली उशिओच्या छातीवर आदळली.

"चल, ताडमाडा. वरचे घड तुझ्या हाताला येतात. आणि तोडताना शीळ घाल. ती थांबली, की समजेन तू माझी द्राक्षं खातोयस."

उशिओ शीळ घालू लागला. बेसूर, पण अखंड.