काजमशीनवरचा लाल दिवा

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरताई शिलाईच्या हॉलमध्ये परत आली ती टेबलावर विसरलेला चष्मा न्यायला, एवढंच. बाहेर लख्ख ऊन, बायकांची हसाखिदळी. आत सगळी मशिनं गप्प. तेलाचा आणि गरम कापडाचा वास तेवढा जागा होता.

आणि काजमशीनवरचा लाल दिवा लागला होता.

त्या कारखान्याची रीतच तशी. जागेवरून उठायचं असेल तर बटण दाबायचं. डोक्यावर दिवा लागायचा. मग सुपरवायझरनं येऊन मोकळं करायचं. पण तो दिवा तिच्या टेबलावरूनही विझवता यायचा. साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "विझवून टाकायचा. पुन्हा लावायला माणूस लाजतं." सगळे खो खो हसले होते. तीही हसली होती, मेली!

काजं करणाऱ्या मावशी मात्र लाजल्या नाहीत. मागे एके दिवशी त्या पुन्हा पुन्हा दिवा लावत राहिल्या आणि ताई पुन्हा पुन्हा विझवत राहिली. साहेब मागेच उभे होते ना! "नखरे नुसते," ते म्हणाले, आणि तिनं मान डोलावली. सुट्टी झाली तेव्हा मावशी मशीनवर डोकं टेकून होत्या, गार पडलेल्या. छातीत कळ आली होती म्हणे. बोट अजून बटणावरच होतं. त्यानंतर त्या मशीनची वायरच काढून ठेवली होती.

आणि आता हा दिवा...

सवयीनं तिचा हात टेबलावरच्या बटणाकडे गेला. स्वतःच्याच हाताची तिला किळस आली. चष्मा तिथंच राहिला आणि ती धावली.

"आले हं मावशी... या वेळी आले..."

मशीनशी कुणी नव्हतं. ती मटकन स्टुलावर बसली. स्टूल ऊबदार होतं.

तेवढ्यात छातीत कळ आली. हाक मारायला गेली तर आवाज फुटेना. तिनं बटण दाबलं. डोक्यावर लाल उजेड पडला, तिचा जीव भांड्यात पडला. आता कुणीतरी येईल...

दिवा विझला.

तिनं टेबलाकडे पाहिलं. चष्म्याशिवाय सगळं पुसटच. पण तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर चष्म्याच्या काचा चमकत होत्या.

तिनं पुन्हा बटण दाबलं. खुर्चीतल्या बाईनं, मागे कुणी काही बोलल्यासारखी, मान डोलावली... आणि टेबलावरच्या बटणाकडे हात पुढे केला.