देव उचलणाऱ्याच्या गाठी

घोड्याच्या शेपटीचा एक केस. काळा. वीतभर लांब.

प्रश्न सतरा : आपल्या कुळाचा देव घरात कोठे ठेवतात? त्यास कोण हात लावू शकतो?

जालना एमआयडीसी, लोखंडाचा कारखाना, हजेरीचं यंत्र. शुक्रवार, सकाळी सहा पन्नास. अंगठा : पप्पू.

बोरीखाली एक सपाट दगड. त्याच्यावर कुणी बसत नाही. खेळणारी पोरंसुद्धा वळसा घालून जातात.

पोलीस ठाण्यातली नोंद : गहाळ वस्तू – लाल फडक्यातलं गाठोडं, एक. अंदाजे किंमत – निरंक.

*

गुरुवारी दुपारी शीतल वाटूरजवळच्या पारधी वस्तीवर पोचली, तेव्हा यातल्या फक्त प्रश्न सतराचा अर्थ तिला माहीत होता. तो तिनंच विचारायचा होता.

ती दक्षता पथकात संशोधन अधिकारी होती. कुणी आदिवासी असल्याचा दाखला पुढे केला की पडताळणी समिती तो तपासते. शीतल दारात जाऊन बसते. देव, लग्न, मयत, बोली, सगळं विचारते आणि अहवाल लिहिते. अहवाल पटला तर व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचा कागद. या वेळी व्हॅलिडिटी हवी होती रूपालीला. वस्तीवरच्या चांगुणाबाईची नात. तिला डॉक्टरकीची जागा लागली होती. शनिवारपर्यंत कागद दिला नाही, तर जागा गेली.

"लेकरं किती, आजी?" शीतलनं फॉर्म काढला.

"चार."

शीतलनं चार लिहिलं. नावं मात्र तीनच मिळाली : दैवशाला, कल्याण, पप्पू. दैवशाला लग्न होऊन मंठ्याकडं. रूपाली पप्पूची. चौथ्याचं नंतर विचारू, असं म्हणून ती पुढे गेली.

"देव कुठं असतो?"

चांगुणाबाईनं घराच्या मधल्या मेढीकडं, खांबाकडं बोट केलं. मेढीला खुंटी होती. खुंटीवर काही नव्हतं.

"देव गेला," म्हातारी म्हणाली.

"कधी?"

"शुक्रवारी. आम्ही समदे परतूरला गेल्तो. तहसीलला, घरांच्या जागंसाठी अंगठे द्यायला. सांजंला आलो तं खुंटी मोकळी."

"सगळे एकदम गेलात?"

"कल्याणनं टेम्पो केल्ता. त्यो मागून आला, मोटरसायकलवर."

"मागं वस्तीत कोण होतं?"

"कोंबड्या."

दारातल्या बाजेवर हवालदार बदरोद्दीन टेकले होते. चौकशीला आले होते, आणि चहा मिळेल तर हवा होता.

"मॅडम, तीस साल झाले नोकरीला," ते म्हणाले. "पारध्याच्या वस्तीवर चोर शोधायला किती बार आलो, गिनती न्हाई. पारध्याच्या घरात चोरी झाली म्हणून पहिली बार आलो. ठाण्यात लोकं हसून राह्यले."

"आणि तुम्ही?"

"मी बराबर लिहून घेतलं. लाल फडक्यातलं गाठोडं, एक. किंमत काय टाकू, विचारलं. आजी म्हणाली, देवाची किंमत लिहू नको. मंग निरंक."

शीतल हसली नाही. तिनं फोन काढून एक फोटो शोधला.

लाल फडक्यातलं ते गाठोडं तिनं सोमवारीच पाहिलं होतं. जालन्यात, मस्तगडच्या एका तीनमजली घरात.

*

सोमवार.

रामराव बियाण्यांच्या धंद्यातला. त्याच्या मुलालाही, सूरजलाही, हाच कागद हवा होता. आडनाव वस्तीवरच्यांसारखंच, पण त्या भागात ते आडनाव कुणाचंही असतं. आजोबा पारधी होते म्हणे. गाव सोडलं, लाजेनं जात लपवली, देव मात्र जपला.

गाठोडं उंच खुंटीवर टांगलेलं. खाली कुणी पाय करून झोपू नये म्हणून पलंग फिरवून ठेवलेला.

"तुमचा देव अंगात येतो का?"

"आमचा देव अंगात येत नाही," रामराव म्हणाला. "कानात येतो."

शीतलच्या अंगावर काटा आला होता. इतकं नेमकं उत्तर कुणी पाठ करून देत नाही, असं तिला वाटलं होतं.

एकाच ठिकाणी तो अडखळला. गाठोड्याच्या गाठीतून एक काळा केस लोंबत होता.

"हा कशाचा?"

"तो... नजर लागू नये म्हणून. वडील बांधायचे."

त्या केसाबद्दल शीतललाही ठाऊक नव्हतं. तिनं फोटो काढला. अहवालात 'समाधानकारक' लिहिलं.

*

प्रश्न सतरा, पुन्हा.

"आजी, हा तुमचा देव का?"

चांगुणाबाईनं आधी पदर कपाळावर ओढला. फोनमधला असला तरी देव. मग फोन दोन्ही हातांत धरला. रूपालीनं फोटो मोठा करून दिला. म्हातारीचं बोट फडक्यावरून, गाठीवरून सरकत केसापाशी आलं आणि थांबलं. फार वेळ थांबलं.

"केस कशाचा, आजी?"

म्हातारीनं फोन मांडीवर पालथा घातला.

"मी सांगतो, ताई."

कल्याण दारात उभा होता. पांढरा सदरा, बगलेत कागदांची पिशवी. वस्तीची संघटना म्हणजे कल्याण. रेशनकार्ड असो, शाळेचा दाखला असो, मयताचा पंचनामा असो, धावणारा तोच. पाच वर्षांपूर्वी शीतल पहिल्यांदा आली, तेव्हा बायांनी दारं लावून घेतली होती. कल्याण तिला घरोघर घेऊन फिरला होता. म्हणाला होता, ही आपली बाई हाये. तिला या लोकांचं जे काही कळत होतं, ते त्याच्याकडून.

"आमच्या घराण्याची रीत हाये," कल्याण म्हणाला. "देव जागचा हलवला, तं उचलणाऱ्यानं फासाचा केस बांधायचा. तितर धरायच्या फासाचा, घोड्याचा. आईच्या पोटचा कितवा, तितक्या गाठी मारायच्या. मंग देवाला राग आला तं त्यो त्या एकालाच धरतो. घराला सोडतो."

"चोरानं हे पाळलं?"

"चोरी केली म्हणून देवाची भीती जाती का?"

शीतलनं फोटो पुन्हा उघडला. केसावर तीन गाठी होत्या.

कल्याणनं बोटांवर मोजलं. "दैवशाला पहिली. मी दुसरा." तो थांबला. डोळे पुसले. "तिसरा कोण, ते माझ्या तोंडून नका वदवू, ताई."

*

पप्पू सहाच्या टेम्पोनं कारखान्यातून आला. अंगाला लोखंडाचा वास, डोळे लाल. बदरोद्दीननं त्याला रस्त्यातच गाठून आणलं. शीतलनं कुणाला मधे बोलू दिलं नाही.

"पप्पू, हा केस कशाचा?"

त्यानं वाकून पाहिलं. "फडक्याचा दोरा निघाला असंल."

"देव कधी उचललास?"

"मला कोन उचलू देतंय? मी पितो. आय म्हन्ती, हात लावशील तं हात झडतील."

"शुक्रवारी कुठं होतास?"

"कामावर. पहिल्या पाळीला."

"अंगठा देऊन मागच्या फाटकातून निघता येतं," कल्याण हळूच म्हणाला.

पप्पूनं भावाकडं पाहिलं. "दादा, माझ्या पोरीची जागा हाये ती."

"दारूला काय पोरगी अन् काय देव."

रूपाली पुढे आली. "काका, बाबा पितात. पण ते देवाच्या खुंटीखाली बसून जेवत बी न्हाईत. तुम्हाला ठावं हाये."

कल्याणनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उभी राहिली, पण अंग आखडून.

"चल, पप्पू," बदरोद्दीन उठले. "ठाण्यात बोलू."

पप्पू निघाला. वाद नाही, आरडाओरड नाही. चप्पल घातली, गमछा खांद्यावर टाकला, जीपच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कुठं बसायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

ते पाहून शीतल म्हणाली, "थांबा, हवालदार."

*

उलगडा.

"आजी, तुम्ही मला लेकरं चार सांगितली."

चांगुणाबाईनं मान डोलावली.

"मला तीनच सापडली. चौथं कुठं आहे?"

म्हातारीनं मान वळवली. बोरीखालच्या सपाट दगडाकडं.

"कितवी ती?"

"पहिली. बारा दिसाची गेली."

"अजून मोजता तिला?"

"आईनं न्हाई मोजायचं तं कोनी?"

शीतल फॉर्म मिटून उभी राहिली. "म्हणजे दगडाखालची पहिली. दैवशाला दुसरी. पप्पू चौथा. तीन गाठी पप्पूच्या नाहीत. तिसरे तुम्ही आहात, कल्याणभाऊ."

कल्याण हसला. "ताई, मी जित्ती मोजली. मेलेलं लेकरू मोजतात, हे मला काय ठावं? पप्पूनं बी तसंच मोजलं असंल."

"पप्पूला केसाची रीतच माहीत नाही. देव उचलल्याशिवाय ती कुणाला सांगत नाहीत ना?" चांगुणाबाईनं होकाराची मान हलवली. शीतलनं रूपालीकडं वळून विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, वस्ती मागं सरकली, तेव्हा देव कुणी हलवला?"

"काकांनी," रूपाली म्हणाली. "मी दुसरीत व्हते."

"आजी, त्या दिवशी त्यांना किती गाठी मारायला लावल्या?"

चांगुणाबाईनं मांडीवरचा हात उचलला आणि तीन बोटं उभी केली.

"तुम्हाला तुमचा आकडा अकरा वर्षांपासून माहीत आहे," शीतल म्हणाली. "आणि आज माझ्यासमोर तुम्ही तो दोन सांगितला. अजाण माणूस चुकला असता. तुम्ही खोटं बोललात."

"एका बोटावर एवढं?"

"नाही. शुक्रवारी अख्खी वस्ती तुम्ही टेम्पोत घातली आणि स्वतः मागं राहिलात. शिवाय रामराव मला म्हणाला, देव अंगात येत नाही, कानात येतो. हे वाक्य माझ्या वहीत आहे. पाच वर्षांपूर्वीचं. तुम्ही सांगितलं होतं आणि म्हणाला होतात, कुठल्या अहवालात घालू नका, ताई, हे आमच्या घरातलं आहे. मी नाही घातलं. एकदाही नाही."

कल्याणनं पिशवी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"रामरावला सगळं शिकवलंत. पलंग फिरवायला शिकवलंत. केसाचं तेवढं नाही. ते शिकवलं असतं, तर गाठी कुणाच्या हेही आलं असतं. केस न बांधता देव द्यायला मात्र तुमचा हात धजला नाही."

कल्याण बाजेच्या कडेला बसला.

"तीस घरं, ताई," तो म्हणाला. "गायरानावर जलमलो, गायरानावर म्हातारे होऊन राह्यलो. दर उन्हाळ्यात नोटीस. रामरावचा वशिला मोठा. त्याच्या एका शब्दावर तीस जागा आमच्या नावावर व्हनार व्हत्या. देव खुंटीला टांगून काय करतो? एक गाठोडं गेलं, तीस घरांना पत्ता आला."

"अन् माझा कागद?" रूपालीनं विचारलं.

"तू हुशार हायेस. पुढच्या साली बी जागा लागंल."

"पुढच्या साली बाई विचारतील, तुमचा देव कुठं हाये. मी काय सांगू, काका? मस्तगडला हाये, रामरावच्या घरी? आम्ही कोण, ते त्याच्या फायलीत लिव्हलंय, तिथंच बघा?"

कल्याणनं शीतलकडं पाहिलं. "ताई, तुम्ही तरी समजून घ्या. तुम्ही आपल्या."

शीतलला सोमवारचा स्वतःच्या हातानं लिहिलेला शब्द आठवला. समाधानकारक. कल्याणनं तिचाच हात वापरला होता.

"'आपल्या' हा शब्द पुन्हा वापरू नका," ती म्हणाली.

पप्पू जीपजवळून परत आला होता. तो भावाजवळ गेलाच नाही. आईसमोर उकिडवा बसला.

"आय, तू फोटो पाह्यला तवाच तुला कळलं?"

"कळलं."

"मला जीपकडं नेलं, तवा बी बोलली न्हाईस."

चांगुणाबाई जमिनीकडं पाहत म्हणाली, "कल्याण गेला तं वस्ती बसती. तुला ठाण्याची सवय हाये, बाबा. मला वाटलं, तू निभावशील."

पप्पूनं मान हलवली. जणू तिनं वाटाण्याची उसळ उरली नाही, असं सांगितलं होतं. मग गमछा तोंडावर घेतला आणि तसाच बसून राहिला. रूपाली त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"आजी," शीतल म्हणाली, "देव तुमचा आहे, हे मला लिहून हवं. त्यात देव नेणाऱ्याचं नाव येईल. तुमच्या तोंडून आलं तरच मस्तगडच्या घरातून गाठोडं निघेल. नाहीतर तो म्हणेल, माझ्या आजोबांचं."

म्हातारीनं एकदा बोरीकडं पाहिलं. एकदा कल्याणकडं. आधी आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली, ते शीतलला कळलं नाही. कल्याणला कळलं, त्याची मान खाली गेली.

मग ती मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लिव्ह. देव कल्याणनं नेला. माझ्या तिसऱ्यानं."

बदरोद्दीननं कागद पुढे केला. तिनं अंगठा उठवला. शीतलनं सोमवारच्या अहवालावर आडवी रेघ ओढली, खाली सही केली, आणि रूपालीच्या फॉर्मवर प्रश्न सतरापुढे लिहिलं : मधल्या मेढीच्या खुंटीवर. सध्या चोरीस गेलेला. उचलणाऱ्याची खूण देवावर आहे.

कल्याण स्वतः उठून जीपकडं गेला. कुठं बसायचं ते त्याला कळेना. बदरोद्दीननं मागचा दरवाजा उघडून दिला.

कल्याणच्या पिशवीतली जागांची यादी, देव जायच्या कितीतरी आधी, मार्चमध्येच टाईप झाली होती. तिच्यात तीस नावं होती, पहिलं पप्पूचं. स्वतःचं नाव कल्याणनं तिच्यात घातलं नव्हतं.